बाबांच्या देवांचं काय करू?

*ताई, मी ३८ वर्षांचा. मिरजेजवळ एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. त्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखी पूजा केली आणि दुपारी छातीत दुखून सगळं संपलं. आई गावाकडचं घर बंद करून देवांसकट माझ्याकडे आली. म्हणाली, "आता तूच करायची पूजा." कॉलेजात असल्यापासून माझा देवावर विश्वास नाही. तरी आठ महिने रोज करतोय. कपबश्या विसळाव्यात तसे देव विसळतो. बाबांनी शेवटचं उगाळलेलं गंध सहाणेवर वाळून तसंच चिकटलंय. त्या सहाणेला हात लावायचा धीर होत नाही, म्हणून बाटलीतलं तयार गंध लावतो. परवा सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, तुम्हाला देव खरा वाटतो का? मग पूजा का करता?" मला उत्तर देता आलं नाही. "आजोबा कुठे गेले?" हेही ती सारखं विचारते. तिकडे चुलत्यांनी एका गुरुजींना माझी पत्रिका दाखवली. ते पितृदोष सांगतायत, तीन दिवसांचा विधी करा म्हणतायत. आणि खरं सांगू? विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, असं फळ्यावर लिहितो आणि वाटतं, यात बाबांच्या सत्तर वर्षांचं काय, माझं काय? जितकं जास्त कळत गेलं तितका जगण्यातला अर्थ निसटत गेला. रात्री तीनला जाग येते ती येतेच. मी काय करू?*

आठ महिने म्हणजे काहीच नाहीत हो. अजून बाबांचं वर्षसुद्धा झालेलं नाही. एवढ्यात तुम्ही देव आहे की नाही, जगण्याला अर्थ आहे की नाही, ज्ञानाने भलं होतं की वाईट, सगळ्याचा हिशोब लावायला बसलात. पत्र वाचताना मला तुमच्या प्रश्नांपेक्षा ती सहाण जास्त दिसत राहिली.

माझंच सांगते. माझे यजमान गेले त्यानंतर दोन वर्षं मी देवापुढे दिवा लावला नाही. नातेवाइकांना वाटलं, ही देवावर रागावली. मलाही तसंच वाटायचं. विचारायला येणाऱ्यांना मी मोठमोठी कारणं द्यायचे, जगात एवढं दुःख असताना देव असूच कसा शकतो वगैरे. वाचनही तसलंच चाललं होतं. मग एका संध्याकाळी वीज गेली आणि मेणबत्तीसाठी काडेपेटी शोधायला लागले, तेव्हा लक्षात आलं. काडेपेटी आमच्याकडे देवघराच्या वरच्या फळीवर असायची. माझा हात तिथे पुरत नाही. तीस वर्षं रोज तिन्हीसांजेला ती यजमानच काढून द्यायचे. मी स्टूल घेतलं, काडेपेटी काढली आणि त्या अंधारात स्टुलावरच बसून रडले. देव आहे की नाही याचा निकाल त्या दिवशीही लागला नाही, पण दुसऱ्या दिवशी काडेपेटी खालच्या खणात ठेवली आणि दिवा लावला. आजही सकाळ-संध्याकाळ हात जोडते. समोर कोणी ऐकतंय का, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. हात जोडल्यावर माझं मन निवतं, एवढं मात्र मी अनुभवाने सांगते.

तुमची सहाण बघा. बाटलीतलं गंध तुम्ही वापरता ते अश्रद्धेमुळे नाही. ज्याला देवघराचं सोयरसुतक नाही, त्याला एका दगडाला हात लावताना धीर कशाला लागेल? तो बाबांचा शेवटचा हात आहे. त्याची आणि ईश्वर आहे की नाही या वादाची गाठ तुम्ही एकत्र मारून घेतलीय, म्हणून दोन्ही सुटत नाहीत.

आता रोजच्या पूजेचं. विश्वास नसताना आईसाठी पूजा करणं चूक आहे असं मी सरसकट म्हणणार नाही. पण तुम्ही करताय ती तशी नाही. आईसाठी प्रेमाने केलेलं काम कपबश्या विसळल्यासारखं होत नाही. तुम्ही रोज सकाळी दहा मिनिटं स्वतःवर चिडता, आणि आईच्या ते लक्षात येत नसेल असं समजू नका. बेचाळीस-पंचेचाळीस वर्षं जिने नवऱ्याला पूजा करताना पाहिलंय, तिला ताम्हनात देव आपटल्याचा आवाज लगेच कळतो.

इथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय. पूजा आई स्वतः का करत नाहीत?

आमच्या घरात पितळेचा एक रांगता बाळकृष्ण आहे. त्याला नाक उरलेलं नाही. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन पुसट खुणा आहेत. माझ्या सासूबाईंनी, त्यांच्या सासूबाईंनी, त्यांच्याही आधी कोणी असतील त्यांनी, दर सणाच्या आदल्या दिवशी चिंच आणि रांगोळी लावून तो घासला. एवढ्या हातांनी घासला की चेहरा गेला. पूजा मात्र दर पिढीत पुरुषांनी केली. फुलं बाईने आणायची, वाती बाईने वळायच्या, नैवेद्य बाईने रांधायचा, देव बाईने घासायचे आणि सोवळं नेसून पळीभर पाणी घालायला पुरुष बसायचा. तुमच्याकडे याहून वेगळं असेल असं मला वाटत नाही. देवघरात शाळिग्राम असेल तर नक्कीच नाही, कारण त्याला बाईने शिवायचं नाही असं कित्येक घरांत अजून मानतात. आणि आता तर आई विधवा आहेत. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मनातही आपला अधिकार आणखी एक पायरी खाली गेलाय.

माझा अंदाज असा की त्यांना तुमच्या श्रद्धेची तेवढी पडलेली नाही, त्यांना देवांची काळजी आहे. देव उपाशी राहू नयेत, पारोसे राहू नयेत. स्वतः करावं हे त्यांच्या मनात आलं असेल तरी ओठांवर आलं नसेल, कारण ते कोणी विचारलंच नाही. तेव्हा तुम्ही विचारा. तुमच्यापासून फार दूर नाही, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, त्या लग्नं लावतात, मुंजी लावतात. एका गावाला सभा भरवून जे ठरवता येतं ते तुमच्या तीन खोल्यांच्या घरात ठरायला काय हरकत आहे? आईंना म्हणा, "आई, बाबांच्या खालोखाल हे देव तुझे आहेत. पूजा तू कर. फुलं मी आणतो, दर शनिवारी देव मी घासतो." हे शेवटचं विसरू नका. इतकी वर्षं जे काम बायकांच्या वाट्याला आलं ते तुम्ही घ्या. त्यासाठी विश्वास लागत नाही, चिंच लागते.

पण त्याआधी खरं सांगावं लागेल. "माझा विश्वास नाही" हे वाक्य तुम्ही आईसमोर कधी उच्चारलंय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. तुम्ही ज्ञानाबद्दल लिहिलंत म्हणून इथे ज्ञानेश्वरीचा आधार घेते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमाराला, नेवाशात ती पुरी झाली. तिच्या तेराव्या अध्यायात ज्ञान म्हणजे काय ते सांगितलंय. गीतेच्या मोजक्या श्लोकांवर माउली शेकडो ओव्या बोलतात. त्यात ज्ञानी माणसाला किती ठाऊक असतं याची मोजदाद फारशी नाही. तो वागतो कसा हे सांगितलंय. मोठेपणा नको असणं हे पहिलं लक्षण. दुसरंच लक्षण अदंभित्व, म्हणजे आत एक आणि बाहेर एक नसणं. लगेच तिसरं अहिंसा, आणि तिथे माउली कितीतरी वेळ रेंगाळतात. कमळावर भुंगा पाय ठेवतो तो किती हळुवार, आतला केसर कुस्करेल ही शंका त्याला असते, तसं जीवांच्या मधून चालावं, असं ते म्हणतात. मला हे दोन गुण शेजारी शेजारी आलेले फार मोलाचे वाटतात. खोटं वागू नका आणि खरं सांगताना भुंग्यासारखा पाय टाका. तुम्ही आजवर केसर जपायला म्हणून खोटं वागलात. आता दोन्ही एकदम सांभाळायचं आहे. विश्वास का नाही याची कारणं आईंपुढे मांडू नका, त्यांनी ती मागितलेली नाहीत. "मला अजून तसं वाटत नाही, पण तुझं जे आहे त्याला मी धक्का लागू देणार नाही" एवढं पुरे.

असं घर चालू शकतं का, अशी शंका तुम्हाला येईल. आगरकर आठवा. तेही शिक्षक, फर्ग्युसनचे प्राचार्य. दम्याने पिडलेले, १८९५ साली गेले तेव्हा तुमच्याच वयाचे होते, ३९ वं चालू होतं. देवाबद्दल आणि रूढींबद्दल जे पटलं ते इतकं उघड लिहिलं की पुण्यातल्या लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून पैशांची पुडी बांधून ठेवणारा हा माणूस. त्यांच्या पत्नी यशोदाबाई मात्र देवधर्म करणाऱ्या होत्या आणि त्यांच्या व्रतवैकल्यांना आगरकरांनी आडकाठी केली नाही. ज्याने अख्ख्या गावाशी वैर पत्करलं त्याला घरात जबरदस्ती करावीशी वाटली नाही. मला त्यांच्या लेखांइतकंच हेही मोठं वाटतं.

चुलत्यांच्या गुरुजींचं एका वाक्यात संपवते. त्या विधीसाठी एक रुपयाही देऊ नका. बाबा तुमच्यावर दोष ठेवून गेले, असं म्हणणारा माणूस तुमच्या बाबांना ओळखत नव्हता. हे मी देवाला हात जोडणारी बाई म्हणून सांगतेय. डॉ. दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की त्यांचं भांडण कुणाच्या श्रद्धेशी नाही, श्रद्धेच्या नावावर घाबरवून लुबाडण्याशी आहे. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. चुलत्यांशी वाद घालू नका, ते बहुधा काळजीपोटीच धावपळ करताहेत. "काका, बाबांच्या नावाने गावच्या शाळेला पुस्तकं देऊ या" म्हणा आणि त्यांना त्या कामाला लावा. त्यांचाही भाऊ गेलाय.

लेकीचा प्रश्न सगळ्यांत सोपा आहे. तिने तुम्हाला ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा मागितला नाही. बाबा जे करतात ते मनापासून करतात का, एवढंच तिला हवंय. सात वर्षांच्या पोराला आवाजावरून कळतं. तिला सांगा, "आजोबांना देव खरा वाटायचा. आजीला वाटतो. मला अजून वाटत नाही. तुला काय वाटतं ते तू मोठी होता होता ठरव." पूजा का करत होतात तेही सांगा, "आजीला बरं वाटावं म्हणून." मुलांना हे बिनतक्रार समजतं. आणि आजोबा कुठे गेले, याला "झोपले" किंवा "गावाला गेले" असं उत्तर कधीही देऊ नका. झोपले म्हटलं की मुलं झोपायला घाबरतात, गावाला गेले म्हटलं की वाट बघत बसतात. त्यांचं हृदय बंद पडलं, शरीर काम करेनासं झालं, आता ते परत येणार नाहीत, याचं आपल्या सगळ्यांना वाईट वाटतं. हे असंच्या असं सांगा. ती पुन्हा विचारेल, दहा वेळा विचारेल, दहाही वेळा तेच सांगा. आजी तिला "देवाघरी गेले" म्हणत असतील तर ते तिच्यासमोर खोडू नका. आजीला तसं वाटतं, एवढं म्हटलं की झालं. एका घरात दोन उत्तरं असतात, हे पोरीला लहानपणीच कळलं तर बरंच आहे.

राहिला अर्थाचा प्रश्न, ज्याने तुमची झोप उडवलीय.

१३८० कोटी हा आकडा तुम्ही मागच्या वर्षीही फळ्यावर लिहिला असेल. त्याच्या मागच्या वर्षीही. बाबा तेव्हा गावी पूजा करत होते, तुम्ही वर्गात आकडा लिहून, हात झटकून चहाला जात होतात आणि तो तुम्हाला टोचत नव्हता. विश्व तेव्हाही एवढंच म्हातारं होतं. तेव्हा ज्ञानाने तुमचा अर्थ नेला असं मला वाटत नाही. बाबा गेले आणि तुमच्या हाताशी असलेल्या सगळ्यांत मोठ्या आकड्याने तुम्ही ती पोकळी मोजायला लागलात. माझ्याकडे तो आकडा नव्हता, मी जगातलं दुःख घेऊन बसले होते. शेतकरी असता तर पाऊस घेऊन बसला असतात.

तुकोबांचा एक आत्मकथनासारखा मोठा अभंग आहे, त्यात त्यांनी स्वतःचं सगळं सांगितलंय. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. व्यापार बुडाला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. लाज वाटली, जिवाला त्रास झाला. यापुढे माणूस काय सांगेल असं आपल्याला वाटतं? की मग देवाने दर्शन दिलं, सगळं उमगलं. तुकोबा ते सांगत नाहीत. देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं, असं सांगतात. मग एकादशीला कीर्तन करायला लागलो, पण आधी चित्त अभ्यासात नव्हतं, हेही लपवून ठेवत नाहीत. दगडमातीचं काम आधी, मन मागाहून. ज्यांच्या पालखीमागे दरवर्षी लाखो माणसं चालतात, त्यांची सुरुवात ही अशी.

हे सांगून मी तुम्हाला भक्तीकडे ओढत नाहीये. तुम्हाला कदाचित जन्मभर देव पटणार नाही आणि त्याने तुमचं माणूसपण तसूभरही कमी होत नाही. मला फक्त तो क्रम दाखवायचा होता. अर्थ सापडला की कामाला लागू, असं म्हणून तुम्ही रात्री तीन वाजता छताकडे बघत पडता. तुमच्याकडे मोडकं देऊळ नाही, पण बंद घर आहे. गावाकडचं, आठ महिने कुलूप लागलेलं. कौलं सरकली असतील, परड्यात गवत माजलं असेल, बाबांची छत्री अजून खुंटीला असेल. एका रविवारी आईला आणि लेकीला घेऊन तिथे जा. दारं-खिडक्या उघडा, झाडून घ्या, कौलं चाळा. आईंना एकटीला तिथे जायचा धीर होत नसणार आणि तुम्हाला म्हणायचा संकोच होत असणार. लेकीला बाबांची कामं दाखवा, आडाचा रहाट कसा ओढायचे, हिशोबाची वही कुठे ठेवायचे. संध्याकाळी परत या. पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

आणि वर्गात तो आकडा लिहाल तेव्हा चहाला जायची घाई करू नका. मुलांना सांगा की हे वय माणसांनी काढलंय, सत्तर-ऐंशी वर्षांचं आयुष्य असलेल्या माणसांनी, एकाने अर्धवट सोडलेलं दुसऱ्याने उचलून. समोरच्या साठ पोरांत एखादं असं असेल ज्याच्याही घरात कोणी गेलंय. तुमचा आवाज हल्ली का बदललाय हे त्याला तुमच्याआधी कळलं असेल.

झोपेचं मात्र हलक्यावर घेऊ नका. आणखी दोन-तीन आठवडे असंच चाललं, जेवण जाईना, कशातच लक्ष लागेना, तर सरळ डॉक्टरांकडे जा. लगेच जाणं जमत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा फोन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि जगणंच नको असं कधी मनात आलं तर आठवडे मोजू नका, त्याच क्षणी फोन करा, घरच्यांना उठवा. शोक आहे म्हणून औषध किंवा मदत घ्यायची नाही, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही, तुमच्याही नाही आणि आमच्याही नाही.

सहाण आधी उचलू नका. आईंशी बोलणं होऊ दे, पूजा कोण करणार ते ठरू दे. मग ती दोघांच्या मध्ये ठेवा आणि त्यांना विचारा, हे गंध राहू द्यायचं की धुवायचं. राहू दे म्हणाल्या तर राहू दे, चंदनाचं दुसरं खोड आणि दुसरी सहाण बाजारात मिळते. धुवा म्हणाल्या तर तुम्ही धुवा. पाणी कोमट घ्या, थोडा वेळ भिजू द्या, वाळलेलं चंदन हळूहळू सुटतं. सुटताना वास येईल. तेव्हा आई जवळ असू द्या.